उरलेले पाणी

बंगळूर शहराच्या पूर्व टोकाला के. आर. पुरम आहे. त्याचे पूर्ण नाव कृष्णराजपुरम. परंतु ते सहसा कोणी उच्चारत नाही. कोलारकडे आणि पुढे मद्रासकडे जाणारा जुना रस्ता येथूनच जातो. लोहमार्गही येथूनच जातो. २००३ पासून पोलादी दोरांनी तोललेला एक मोठा पूल या रस्त्यांच्या आणि रुळांच्या गर्दीवर उभा आहे. जवळच दूरवाणीनगर आहे. १९४८ साली सुरू झालेल्या टेलिफोनच्या सरकारी कारखान्याभोवती ही वसाहत वाढली. १९७२ साली निपाणीचा एक तरुण या कारखान्यात फिटर म्हणून रुजू झाला. पुढे त्याने गोकाकची मुलगी लग्न करून आणली, निवृत्तीच्या थोडे आधी के. आर. पुरमच्या कडेला एका जुन्या खेड्याच्या हद्दीत लहानसे घर बांधले आणि तेथेच तो आजोबा झाला.

घर बांधले तेव्हा अंगणातल्या कूपनलिकेला भरपूर पाणी होते. २००७ साली के. आर. पुरमची नगरपरिषद आणि शहराभोवतीची ११० खेडी महानगरपालिकेत सामावली गेली. पत्ता शहराचा झाला, कर शहराचा झाला. नळ मात्र आला नाही. कूपनलिका दर काही वर्षांनी अधिक खोल करावी लागली आणि शेवटी तिने अवसान गाळले. त्यानंतर दारापुढे निळी पिंपे आली आणि आठवड्यातून दोनदा भोंगा वाजवीत टँकर येऊ लागला.

२०२३ साली पावसाने दगा दिला. कर्नाटकातील २३६ तालुक्यांपैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर झाले. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळूरच्या जलमंडळाच्या सुमारे चौदा हजार कूपनलिकांपैकी जवळजवळ निम्म्या कोरड्या पडल्या होत्या. पिण्याच्या पाण्याने मोटार धुतल्यास पाच हजार रुपये दंड ठरला आणि टँकरचे दरही सरकारला बांधून द्यावे लागले. त्या महिन्यात आजी पाणी लिटरमध्ये मोजत नव्हत्या. स्वयंपाकाला दोन घागरी, भांड्यांना दोन, प्रत्येकाच्या अंघोळीला एक असा त्यांचा हिशेब होता. भांड्यांचे पाणी झाडांना आणि कपड्यांचे पाणी न्हाणीघरात जाई. सून कामावरून परतली की आधी पिंपात डोकावून पाही आणि मगच हातपाय धुवायला जाई. अशा घरात भांडणे मोठी होत नाहीत. लहान लहान होतात आणि ती जास्त लागतात. नातीने एकदा केस धुतले म्हणून आजी तिला इतके बोलल्या, की दोघीही दिवसभर एकमेकींशी बोलल्या नाहीत.

याच दिवसांत एका रात्री वीज गेलेली असताना शिवनसमुद्राचा विषय निघाला.

विषय जुना होता. १९८६ च्या एप्रिलमध्ये, मुलगा चार वर्षांचा असताना, आजोबांनी बायकोला धबधबा दाखवायला नेले होते. कारखान्यातल्या मित्रांनी कावेरीच्या त्या धबधब्याचे वर्णन रंगवून रंगवून सांगितले होते. दोन बसगाड्या बदलून, उन्हात मुलाला कडेवर घेऊन ते पोहोचले, तेव्हा समोर काळा उघडा कडा होता आणि त्यावरून दोन-तीन ठिकाणी दोरीएवढ्या धारा ओघळत होत्या. आजी गोकाकच्या. घटप्रभा कड्यावरून उडी घेते त्या जागी, झुलत्या पुलावरून खाली पाहत त्यांचे बालपण गेलेले. त्या थोडा वेळ कड्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या गावच्या धबधब्याला उन्हाळ्यात लाज वाटते, ह्याला तेवढीपण वाटत नाही." आजोबांनी तेव्हा शब्द दिला होता, पावसाळ्यात पुन्हा आणीन. त्यानंतर पाळीची कामे, मुलाचे शिक्षण, घराचे हप्ते यांत अडतीस पावसाळे निघून गेले. तो शब्द आजींनी कधी मागितला नाही. मात्र विसरल्याही नाहीत.

ऑगस्ट उजाडला आणि चित्र पालटले. कोडगूच्या डोंगरांत धो धो पाऊस झाला. कृष्णराजसागर भरले. महिन्याच्या आरंभी त्या धरणातून सेकंदाला एक लाख घनफुटांहून अधिक पाणी सोडले जात होते. पूर थोडा ओसरल्यावर, महिन्याच्या उत्तरार्धातील एका रविवारी, पहाटे पाच वाजता मुलाने गाडी काढली.

के. आर. पुरम ते शिवनसमुद्र हे अंतर दीडशे किलोमीटरांच्या आसपास आहे. एक रस्ता मद्दूरवरून जातो. मद्दूरचा खमंग, कुरकुरीत वडा खायचा असेल तर तोच घ्यावा, असे आजोबांचे मत होते. मुलाने गर्दी टाळण्यासाठी कनकपुऱ्याचा रस्ता धरला, आणि वड्यावाचून का होईना, तेच बरे झाले. कारण ज्या वाटेने कावेरीचे पाणी बंगळूरला येते, त्याच वाटेने पण उलट दिशेने ही मंडळी चालली होती.

ही वाट कशी आहे, हे फार थोड्या बंगळूरकरांना ठाऊक असते. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून अधिक उंचीवर, पठाराच्या माथ्यावर वसलेले आहे. त्याला स्वतःची मोठी नदी नाही. पूर्वीच्या लोकांनी तळी बांधली आणि त्यांवर दिवस काढले. के. आर. पुरमच्या पुढे जुन्या मद्रास रस्त्यावर यले मल्लप्पा शेट्टींच्या नावाचे मोठे तळे आहे. 'यले' म्हणजे विड्याचे पान. पानाच्या एका व्यापाऱ्याने दुष्काळात आपले धन ओतून ते बांधले, असे सांगतात. पुढे तळी पुरेनाशी झाली आणि १९७४ साली कावेरीचे पाणी शंभर किलोमीटरांवरून शहरात आले. ते आपणहून येत नाही. मळवळ्ळीजवळ तोरेकाडनहळ्ळी, मग हारोहळ्ळी, मग तातगुणी अशा तीन ठिकाणी महाकाय पंप लावून ते सुमारे पाचशे मीटर चढवावे लागते. जलमंडळाच्या खर्चातला फार मोठा वाटा विजेच्या बिलाचा असतो. म्हणजे बंगळूरमध्ये नळ सोडणे हे एका अर्थी दिवा लावण्यासारखेच आहे.

नात खिडकीतून पाट्या वाचत होती. तातगुणी गेली, हारोहळ्ळी गेली. आजीही वाचत होत्या. त्यांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. कन्नड अक्षरे त्या बसच्या पाट्यांवरून शिकल्या आणि आता नातीच्या आधी वाचून दाखवीत. तुतीची शेते, नारळीच्या बागा, मग उसाची हिरवळ सुरू झाली. मळवळ्ळी मागे टाकून गाडी वळली, तेव्हा दूर झाडीच्या वर आजींना काही दिसले.

"अहो, तिकडं काय पेटलंय? धूर बघा केवढा."

आजोबा हसले. "धूर नव्हे गं. तेच ते."

धबधब्याला धूर समजण्याची चूक मोठी प्राचीन आणि सर्वत्र सारखी आहे. आफ्रिकेत झांबेझी नदीचा जो प्रचंड धबधबा आहे, त्याला बाहेरच्या लोकांनी राणी व्हिक्टोरियाचे नाव दिले. तेथील लोक मात्र त्याला 'गडगडणारा धूर' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. इथिओपियात निळ्या नाईलचा धबधबा आहे, त्याच्याही नावात धूर आहे. इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. याच कावेरीवर, खाली तमिळनाडूच्या सीमेवर, होगेनकल आहे. 'होगे' म्हणजे धूर आणि 'कल्लु' म्हणजे दगड, हे आजींना कोणी सांगावे लागले नसते.

शिवनसमुद्राजवळ कावेरी दुभंगते आणि मध्ये एक बेट सोडते. बेटावर रंगनाथाचे देऊळ आहे. श्रीरंगपट्टणचा आदिरंग, येथला मध्यरंग आणि श्रीरंगमचा अंत्यरंग असे कावेरीच्या तीन बेटांवरचे तीन रंगनाथ भाविक मानतात. बेटाच्या काठाशी एक दर्गाही आहे आणि दोन्हीकडे जाणारी माणसे अनेकदा तीच असतात. नदीचा पश्चिमेकडचा फाटा कड्यावरून कोसळतो तो गगनचुक्की आणि पूर्वेकडचा तो भरचुक्की. गगनचुक्कीची उंची शंभर मीटरांच्या जवळपास जाते. भरचुक्की उंचीने कमी. पण रुंदीने ऐसपैस.

गगनचुक्की दरीच्या पलीकडच्या काठावरून पाहायचा असतो. आजी कठड्याशी गेल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. १९८६ चा तो काळा कडा त्यांनी मनात धरून ठेवला होता. आता तो शोधूनही सापडत नव्हता. पाणी एका धारेने पडत नव्हते. पहिल्या टप्प्यावर आपटून ते फुटत होते, फुटलेले पुन्हा एकत्र येत होते, पुन्हा दुसऱ्या खडकावर पसरत होते. आणि तळाशी काय होत होते ते दिसतच नव्हते, कारण तेथून तुषारांचा ढग उलटा वर चढत होता. आवाज तर कानांनी ऐकण्यासारखा राहिलाच नव्हता. तो कठड्याच्या लोखंडातून तळहातात येत होता. मंडळी एकमेकांशी खुणांनी बोलत होती. आजोबांनी चष्मा दोनदा पुसला. नातीने आजीचे छायाचित्र काढण्यासाठी हाक मारली, तेव्हा आजी वळल्या आणि त्यांचा चेहरा ओला होता. तुषार तेथवर येत होते, एवढेच त्याबद्दल म्हणता येईल.

मग आजी नातीच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "एवढं पाणी वाया चाललंय की गं!"

मार्च महिना ज्याने घागरींनी मोजला, त्याला हा धबधबा आधी असाच दिसणार. त्यात सौंदर्यदृष्टीचा अभाव शोधणे हा भरल्या पिंपाच्या घरातला विचार झाला. नातीने भ्रमणध्वनीवर आकडेमोड केली. बंगळूरला कावेरीतून तेव्हा रोज सुमारे १४५ कोटी लिटर पाणी मिळत होते. सेकंदाला एक लाख घनफूट म्हणजे सुमारे अठ्ठावीस लाख लिटर. "आजी, पूर होता ना, तेव्हा नऊ मिनिटांत सगळ्या बंगळूरचं एका दिवसाचं पाणी नदीतून जात होतं."

आजींनी क्षणभर विचार केला. "मग त्यांना म्हणावं, त्यातली पाच मिनिटं मार्चमध्ये द्या."

नदीचा सगळा प्रश्न या एका वाक्यात आला आहे, आणि तो सोडविण्याचे प्रयत्न येथे सव्वाशे वर्षे चालू आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलारच्या सोन्याच्या खाणी वाफेच्या यंत्रांवर चालत. त्यांना लागणारे इंधन महाग होते. म्हैसूरचे दिवाण सर के. शेषाद्री अय्यर यांच्या काळात शिवनसमुद्राच्या पाण्यावर वीज तयार करून ती थेट कोलारला नेण्याची योजना आखली गेली. लोटबिनिएर नावाच्या अभियंत्याने ती मांडली. धबधब्याच्या वरच्या अंगाला नदीचे पाणी कालव्यात वळवायचे, ते मोठ्या नळांतून दरीत सोडायचे आणि त्या जोरावर खाली चक्रे फिरवायची. १९०२ साली ही वीज सुमारे १४७ किलोमीटरांवरच्या कोलारला पोहोचली. इतकी लांब विद्युतवाहिनी त्या काळी जगात क्वचितच कोठे होती. या केंद्राला भारतातील पहिले जलविद्युत केंद्र म्हणण्याची सवय आहे. तो मान खरे तर दार्जिलिंगजवळच्या १८९७ सालच्या लहानशा केंद्राचा. परंतु मोठेपण शिवनसमुद्राचेच. शेषाद्री अय्यर यांना मात्र ते पाहता आले नाही. १९०१ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचे निधन झाले होते.

१९०५ साली याच विजेने बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागले. सोने आधी आणि रस्ता मागून, हा क्रम नोंदवून ठेवण्यासारखा आहे. कोलारच्या खाणी २००१ साली बंद झाल्या, के. आर. पुरमवरून त्या बाजूला धावणाऱ्या गाड्या आता कामगारांना उलट दिशेने, बंगळूरकडे आणतात.

वीजगृह तर उभे राहिले. पण उन्हाळ्यात चक्रे फिरवायला पाणी कोठून आणायचे? आजींचा प्रश्न तेव्हाच्या अभियंत्यांनाही पडला होता. वर कृष्णराजसागर बांधण्यामागे शेतीबरोबर हेही एक कारण होते. विश्वेश्वरय्या यांच्या आग्रहाने १९११ साली ते काम सुरू झाले आणि १९३२ पर्यंत चालले. पावसाळ्याची मिनिटे अडवून ती उन्हाळ्यात खर्च करायची, ही ती युक्ती. ती चालली, पण धबधब्याच्या वाट्याला मात्र उन्हाळ्यात फारसे काही उरले नाही. १९८६ च्या एप्रिलमध्ये एका तरुण जोडप्याला दिसलेला तो काळा कडा निसर्गाचा नव्हता. पाणी नव्हते असे नाही. ते कड्यावर येण्याआधीच कालव्यात गेले होते, आणि दूर कोठेतरी एखाद्या कारखान्यात पट्टा फिरवीत होते. दूरवाणीनगरच्या कारखान्यातही ती वीज थोडीबहुत येत नसेल असे कोणी म्हणावे?

धबधब्यातून वीज काढायची म्हणजे धबधबा थोडा मोडायचा, हा व्यवहार सगळीकडे असाच आहे. इथिओपियातील निळ्या नाईलच्या ज्या धबधब्याचा वर उल्लेख आला, तेथे १९६४ साली एक लहान वीजगृह झाले आणि २००१ साली दुसरे, मोठे. त्यानंतर वर्षाचा बराच काळ कड्यावर पूर्वीची रुंद धार दिसेनाशी झाली. पाहुण्यांना वाट दाखवून पोट भरणाऱ्या आसपासच्या गावकऱ्यांवर ओसरलेला धबधबा दाखविण्याची वेळ आली. दिवे दूरच्या शहरांत लागले. शिवनसमुद्राच्या वीजगृहाची क्षमता आज सुमारे ४२ मेगावॅट आहे. बंगळूरच्या आजच्या भुकेपुढे ती चिमूटभर ठरते. आता शहराला नदीकडून विजेपेक्षा पाणीच हवे आहे. तेही धबधब्याच्या वरच्याच अंगाला बंधारा घालून उचलले जाते. म्हणजे कठड्याशी उभे राहून बंगळूरकर जे पाहतो, ते त्याच्या शहराचा वाटा काढून घेतल्यावर उरलेले पाणी असते.

दुपारी मंडळी नदी ओलांडून भरचुक्कीकडे गेली. जुना दगडी खांबांचा पूल बाजूलाच दिसत होता. २०१८ च्या पुरात त्याचा काही भाग वाहून गेला. भरचुक्कीच्या तळाशी उतरणाऱ्या पायऱ्या त्या दिवशी बंद होत्या, त्याचे आजींच्या गुडघ्यांना वाईट वाटले नाही. अर्धवर्तुळाकार कड्यावरून पाण्याच्या कितीतरी धारा शेजारी शेजारी उतरत होत्या. भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या एका बाईशी आजींचे कन्नडमधून बोलणे सुरू झाले. आजींनी सकाळचीच गोष्ट पुन्हा काढली, एवढे पाणी वाया जाते.

"वाया कुठं जातं अम्मा?" ती म्हणाली. "खाली भात आहे."

खाली म्हणजे किती खाली, ते तिने हाताने दाखविले. दोन्ही फाटे पुढे एक होतात, मेकेदाटूच्या चिंचोळ्या घळीतून आणि होगेनकलवरून नदी मेट्टूरच्या धरणात जाते आणि तेथून तंजावरच्या भातशेतीत. त्या शेतकऱ्याच्या घरी बसून पाहिले तर बंगळूरचे पंप हेच पाणी अडविणारे असतात. दोन राज्यांचा हा तंटा शंभर वर्षांहून जुना आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने निकाल देताना कर्नाटकाचा वाटा १४.७५ अब्ज घनफुटांनी वाढविला आणि त्यातील ४.७५ अब्ज घनफूट पाणी बंगळूरच्या पिण्यासाठी मानले. न्यायालयाला जे कागदावर मोजावे लागले, ते शेंगावालीने तीन शब्दांत सांगितले होते. आजींनी तिच्याकडून आणखी एक पुडी शेंगा घेतल्या. वाया जाण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

परतताना अंधार पडला. मुलाने या वेळी मद्दूरची वाट धरली आणि आजोबांना वडा मिळाला. के. आर. पुरमचा पूल दिव्यांनी उजळलेला होता. घरी पोहोचल्यावर आजोबा म्हणाले, "शब्द पाळला बरं का." आजी म्हणाल्या, "पाळलात, पण अर्धा. ह्याच वर्षी एप्रिलमध्ये काय दिसलं असतं, ते कुठं दाखवलंत?" एवढे बोलून त्या पिंपात किती पाणी आहे ते पाहायला अंगणात गेल्या.

त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला तोरेकाडनहळ्ळी येथे कावेरी योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले. रोज ७७ कोटी ५० लाख लिटर पाणी, आणि तेही मुख्यतः २००७ साली शहरात आलेल्या त्या ११० खेड्यांसाठी. काही महिन्यांनी गल्लीतला रस्ता खोदला गेला, चिखल झाला, शेजाऱ्यांची आपसांत बोलाचाली झाली आणि दारापर्यंत नळ आला. पाणी एक दिवसाआड येई. पहिल्या दिवशी ते गढूळ होते. दुसऱ्या खेपेला निवळ आले तेव्हा आजींनी ओंजळीत घेऊन चाखले आणि शिवनसमुद्राच्या तुषारांची चव अशीच होती, असे सांगितले. नातीने विश्वास ठेवला नाही. भंगारवाला निळ्या पिंपांचे चांगले पैसे द्यायला तयार होता. आजींनी ती विकली नाहीत.